मोतीरामला न मिळालेली भाषा

मोतीराम सोनोनेनं आयुष्यात देवाकडे एकच गोष्ट मनापासून मागितली होती, आणि ती देवानं उचलून कोकिळेला देऊन टाकली.

बरं, एखाद्या जुन्या, मुरलेल्या माणसाला दिली असती तर मोतीरामनं ते गिळलं असतं. निदान तो स्वतःशी तसं म्हणायचा. पण कोकिळेला चर्चच्या मंडळीत येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. गाण्यांचं पुस्तक तिच्या हाती उलटं दिलं तर ती उलटंच धरून गायची, कारण तिला वाचता येत नव्हतं. अशा बाईवर पवित्र आत्मा उतरावा, आणि तोही पहिल्या चटईवर वर्षानुवर्षं गुडघे टेकणाऱ्या मोतीरामला ओलांडून, याला काय म्हणायचं? मोतीराम याला अन्याय म्हणायचा. अर्थात मनात. तोंडानं तो 'देवाची इच्छा' म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचे दात एकमेकांवर घासले जायचे.

रोहिणखेडच्या अलीकडे जे छोटं गाव लागतं, तिथला हा माणूस. नोकरी मलकापूरला, बाजारातल्या एका कृषी केंद्रात. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर काउंटरमागे उभं राहून बियाण्याची पाकिटं आणि औषधाच्या बाटल्या द्यायच्या, आणि संध्याकाळी परतायचं. पिकावर फवारायच्या विषाला आपल्याकडे औषधच म्हणतात. बीटी कपाशी आली तेव्हा मोतीरामच्या केसांत एकही पांढरा नव्हता. दुकानापुढे बियाण्यासाठी रांगा लागल्या, माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली. बोंडअळी गेली, आता फवारणीची कटकट संपली, असं कंपनीची माणसं गाडीवर भोंगा लावून सांगत फिरली. दोन-चार वर्षं औषधाच्या फळ्यांवर खरोखर धूळ बसली. मग मावा आला, तुडतुडे आले, पांढरी माशी आली आणि प्रत्येकाची वेगळी बाटली आली. शेवटी बोंडअळीही आली, गुलाबी होऊन. मोतीरामनं हे सगळं काउंटरच्या अलीकडून पाहिलं. त्याला स्वतःचं वावर नव्हतं, त्यामुळे त्याच्या जिवाला त्याचा फार ताप नव्हता.

त्याचा जीव होता चर्चमध्ये. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, आणि ख्रिस्ती घरं म्हणाल तर एका पंगतीत बसतील इतकी. मोतीराम मंडळीचा पंच. रविवारी चटया तोच घालायचा, अर्पणाची थैली तोच फिरवायचा, आणि लांब प्रार्थनाही त्याचीच असायची. प्रार्थनेला उभा राहिला की तो घरची वऱ्हाडी बाहेर चपलांपाशी ठेवून यायचा. 'हे परमदयाळू, सर्वसमर्थ पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्र होत्साते' अशी जी गाडी सुटायची ती पोरांच्या पायांना मुंग्या येईपर्यंत थांबायची नाही. लोक म्हणायचे, प्रार्थना करावी तर मोतीरामनं. पण त्याला स्वतःला ठाऊक होतं की हे सगळं पाठ केलेलं आहे. त्याला पाठ न केलेलं काही हवं होतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या आईनं, रुखमाबाईनं. म्हणजे तिनं मुद्दाम नाही घातलं. मोतीराम लहान असताना पेन्टेकॉस्टच्या सणाला प्रार्थना करता करता ती एकदम भलत्याच भाषेत बोलू लागली. कुणाला एक अक्षर कळलं नाही. पण तिचा चेहरा असा उजळला की रोज भाकरी थापणारी, चुलीपुढे खोकणारी आपली आई हीच का, असं पोराला वाटलं. ती त्याला विसरून गेली होती. मांडीवरच्या पोराला विसरून आई कुठंतरी निघून गेली आणि ती जिथं गेली तिथं आपल्यालाही जायचंय, एवढंच त्याला तेव्हा कळलं. पुढे रुखमाबाई गेली आणि तिची ती भाषाही गेली.

सण तसा साधा आहे. ईस्टरपासून मोजलं तर पन्नासावा दिवस. येशूचे शिष्य माडीवरच्या खोलीत दार लावून बसले होते. गुरू स्वर्गात गेलेला, बाहेर लोक टपलेले. एकाएकी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, जाळाच्या जिभा दिसल्या आणि एकेक जीभ एकेकाच्या डोक्यावर येऊन टेकली. तेव्हा ही अडाणी, कोळ्या-मासेमाऱ्यांची माणसं कधी न शिकलेल्या भाषांत बोलू लागली. मंडळीचा जन्म तिथून धरतात. यहुद्यांत तो मुळात सुगीचा सण होता, पण आपल्याकडे तो येतो मे-जूनच्या तोंडावर. तेव्हा वावरात ढेकळांशिवाय काही नसतं. जुनी माणसं आशीर्वादासाठी ओंजळभर सरकी आणायची, पुढल्या पेऱ्यासाठी राखून ठेवलेली. बियाणं पाकिटात बंद होऊन आल्यापासून घरात सरकी राखायचं कुणाला कारणच उरलं नाही. आता लोक कैऱ्या आणतात, कांदे आणतात.

सणाआधीचे दहा दिवस वाट पाहण्याचे. रोज दिवेलागणीला चर्चमध्ये जमायचं, गुडघे टेकायचे, आत्मा दे म्हणून मागायचं. मोतीरामनं तरुणपणापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. उपास केले, डोळे मिटून जीभ सैल सोडून पाहिली. एका वर्षी ती खरंच आपोआप हलायला लागली. मोतीरामच्या अंगावर काटा आला, त्यानं तिला मोकळं सोडलं, आणि तोंडातून ओळीनं रेल्वेची स्टेशनं निघाली, 'मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव.' शेजारच्यानं डोळा उघडून पाहिलं. मोतीरामनं खोकल्याचं निमित्त केलं आणि बाहेर जाऊन पाणी प्यायला. ही गोष्ट त्यानं फक्त बायकोला सांगितली आणि सांगितल्याचा त्याला आजतागायत पस्तावा आहे, कारण विमलबाई ती गोष्ट विसरायला तयार नाही.

अशा माणसापुढे त्या वर्षी कोकिळा येऊन बसली.

ती शेजारच्या गावची. नवरा शेषराव, दोघं ठेक्याच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करायचे. गुलाबी अळीच्या त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारता फवारता शेषराव वावरातच पडला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, तो वाचला, पण नजर अंधुक झाली आणि हात कापायचे थांबले नाहीत. तिथंच चर्चचा तरुण पाळक गजेंद्र तिला भेटला. जानेफळचा हा पोरगा नुकताच या मंडळीवर आला होता आणि आजाऱ्यांना भेटायला फिरायचा. त्यानं शेषरावसाठी प्रार्थना केली, कोकिळेला चहा आणून दिला. त्यानंतर ती रविवारी येऊ लागली. मागे, बायकांच्या शेवटच्या चटईवर, भिंतीला टेकून बसायची.

वाट पाहण्याच्या दिवसांत गजेंद्रनं सांगितलं की प्रार्थना सुंदरच हवी असं काही नाही. पोटात जे असेल ते बाहेर काढा, शब्द देव जुळवून घेईल. मोतीरामला हे मुळीच पटलं नाही. पण दुसऱ्याच संध्याकाळी बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. कोकिळा डोळे मिटून पुढेमागे झुलत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तोंडातून भराभर असे शब्द निघत होते जे त्या गावानं कधी ऐकले नव्हते. एक म्हातारी रडायलाच लागली. रुखमाबाईनंतर हे पहिल्यांदा, असं कुणीतरी म्हणालं. एकाला ते बायबलातल्या इब्री भाषेसारखं वाटलं. आयुष्यात इब्री न ऐकलेल्या आणखी दोघांनी मान हलवून दुजोरा दिला.

 ही मोतीरामच्या आईची जागा होती. वारसानं म्हणा, कष्टानं म्हणा, ती त्याला यायला हवी होती. त्यानं त्या संध्याकाळी समारोपाची प्रार्थना इतकी लांबवली की पोरं झोपून गेली, पण कुणाचंही लक्ष त्याच्याकडे नव्हतं. सगळे मागे वळून कोकिळेकडे बघत होते.

पुढं तर ताळतंत्रच राहिलं नाही. कुणाच्या पोरीचं जमत नव्हतं, ती कोकिळेकडून प्रार्थना करून घेऊ लागली. कुणाची म्हैस आटली, तीही कोकिळेकडेच. आंब्याच्या रसाची वाटी पहिली तिच्याकडे जायची. मोतीराम हे सगळं बघायचा आणि जेवताना भाकरीवर राग काढायचा. मलकापूरच्या दुकानात गिऱ्हाईक काही विचारायला लागलं तर त्याच्यावर डाफरायचा. कोकिळा चांगलं बोलली तरी त्याला ढोंग वाटायचं आणि गप्प राहिली तर गर्व. एका संध्याकाळी चर्चबाहेर ती पदर सावरत त्याच्यापाशी आली आणि भाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं, असं म्हणाली. आता ही आपल्याला शिकवणार, असं वाटून मोतीरामचं डोकं सणकलं. एसटी पकडायची आहे असं सांगून तो झपाझप निघून गेला. त्या वेळी कुठलीही एसटी नव्हती, आणि असती तरी त्याला कुठं जायचं नव्हतं.

खरा घाव बसला तो दिव्यांचा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर दर घरामागं एक पणती ठेवायची आणि एका मोठ्या दिव्यावरून त्या सगळ्या पेटवायच्या, ही या मंडळीची रीत. जाळाच्या जिभांची ती आठवण. रुखमाबाईच्या पश्चात हा मान मोतीरामकडे होता. सणाच्या आधी गजेंद्र त्याच्याकडे आला आणि आडपडदा न ठेवता म्हणाला की यंदा पणत्या कोकिळाबाईंच्या हातून लावूया. मोतीरामनं तिच्या बाप्तिस्म्याचा मुद्दा काढला. गजेंद्र म्हणाला, काका, पहिल्या मंडळीतही बाप्तिस्मा न झालेल्या परक्या माणसांवर आत्मा उतरला होता, तेव्हा जुनी माणसं अशीच चक्रावली होती. मोतीराम हसला. हसणं त्याला फार जड गेलं.

त्याच संध्याकाळी त्यानं एक काम केलं. पुरुषांच्या पहिल्या चटईवरची आपली जागा सोडून तो पंख्याचं बटण बघायच्या निमित्तानं मागे गेला आणि बायकांच्या चटईला लागून भिंतीशी बसला. आजवर त्यानं कोकिळेचा नुसता सूर ऐकला होता. आता शब्द ऐकायचे होते, आणि जमलं तर त्यात खोट काढायची होती.

कोकिळेनं डोळे मिटले. ती झुलायला लागली. 'असिफेटा,' ती म्हणाली, 'असिफेटा, शितामिपरी, इमिडाकोपरी...' मोतीराम श्वास रोखून ऐकत होता. 'थायामेथा, परफेनो, परफेनो...' ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. दुसऱ्यांदा 'शितामिपरी' आलं तेव्हा मोतीरामचा उजवा हात आपसूक वर उचलला गेला. दुकानात असिटामिप्रिडची बाटली उजवीकडच्या वरच्या फळीवर असायची.

क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. असिफेट. असिटामिप्रिड. इमिडाक्लोप्रिड. थायामेथोक्झाम. प्रोफेनोफॉस. बाई स्वर्गातली भाषा बोलत नव्हती, फवारणीच्या औषधांची नावं घेत होती! मोतीरामला इतका आनंद झाला की त्याला तोंडावर उपरणं दाबून धरावं लागलं. पुढच्या एकानं वळून पाहिलं आणि मोतीरामही आत्म्यानं भरला असं समजून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी गेल्यावर त्यानं विमलबाईला हे सांगितलं आणि पोट धरून हसला. विमलबाई तांदूळ निवडत होती. ती हसली नाही.

"तुमच्या तोंडातून टेसनं निघाले होते," ती म्हणाली. "तिच्या तोंडातून औषधं निघाले. पन तुमाले तवा रडू आलं होतं का?"

मोतीरामनं विचारलं की याचा इथं काय संबंध. विमलबाई म्हणाली की बाई रोज रडते ते पाणी तर खोटं नाही, आधी ते कशाचं आहे ते बघा, मग हसा. मोतीराम चिडला. आपल्याच घरात आपल्या बाजूचं कुणी नाही, असं म्हणून तो पाठ फिरवून बसला. त्याला बघायचं काही नव्हतं. त्याला फक्त रविवार हवा होता.

पाळकाच्या कानात हळूच सांगता आलं असतं, पण त्यानं ते केलं नाही. कानात सांगितलं की गोष्ट दबते, आणि त्याला ती दाबायची नव्हती. राहिलेल्या संध्याकाळी तो मोठ्या प्रेमानं कोकिळेची प्रार्थना ऐकत बसला. दुकानात काम करता करता तो ओठांतल्या ओठांत आपलं भाषण जुळवायचा. 'प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो, अत्यंत खेदानं सांगावं लागत आहे की' अशी त्याची सुरुवात होती.

रविवार उजाडला. बायकांनी चर्च सारवलं, दाराला आंब्याची पानं लावली. लाल कापडावर पणत्या मांडल्या होत्या. शेषरावला धरून आणून पुढं बसवलं होतं. तो आवाजाच्या दिशेनं मान वळवून बघत होता. कोकिळेनं मोठा दिवा उचलला आणि एकेक पणती लावत गेली.  तिला हे नको होतं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं, पण मोतीरामला ते दिसलं नाही. त्याला फक्त आपल्या हातात नसलेला दिवा दिसत होता.

गजेंद्रनं प्रवचन केलं. म्हणाला, त्या दिवसाचा चमत्कार नुसता बोलणाऱ्यांच्या तोंडात नव्हता, ऐकणाऱ्यांच्या कानातही होता. शहरात देशोदेशीचे यात्रेकरू जमले होते आणि प्रत्येकाला आपापल्या आईची बोली ऐकू आली. म्हणून अन्यभाषा बोलणारा जिथं असेल तिथं अर्थ सांगणाराही हवा, नाहीतर तो नुसता आवाज. मग त्यानं विचारलं की कोकिळाबाईंच्या प्रार्थनेचा अर्थ कुणाला मिळाला आहे का.

मोतीराम उभा राहिला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यानं घसा खाकरला, प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो म्हणाला, खेद व्यक्त केला, आणि मग प्रत्येक नाव सावकाश, सुटं करून उच्चारलं. कुठलं मावा-तुडतुड्यांवर चालतं, कुठलं अळीवर, तेही सांगितलं. ही भाषा मलकापूरच्या बाजारात रोज विकली जाते, असं म्हणून तो थांबला. हे शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं होतं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. इब्रीवाला खाली बघायला लागला. कोकिळेसाठी रडलेल्या म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. आता ही बाई रडेल, दार धरेल आणि परत येणार नाही, हे मोतीरामला ठाऊक होतं, आणि त्याला ते हवं होतं. नंतर आपल्याला थोडं वाईट वाटेल, अशी तयारीही त्यानं करून ठेवली होती.

कोकिळा उठली, पण दाराकडे गेली नाही. ती त्याच्याकडे वळली.

"हाव," ती म्हणाली. "औषधाइचेच नावं हायेत. म्या कवा म्हनलं का दुसरं काही हाये म्हनून? पास्टर म्हने, पोटात हाये थे बोला. माह्या पोटात तेच हाये. आन भाऊ, थे तुमीच त शिकवले मले."

मोतीरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

तिनं सांगितलं. पुष्कळ वर्षांमागं, दुकानात. शेषरावला ताप होता म्हणून ती एकटी आली होती. काउंटरवरच्या भाऊनं विचारलं की वाचता येतं का, ती नाही म्हणाली. मग त्यानं पाचही बाटल्या ओळीनं मांडल्या आणि तिच्याकडून पाढ्यासारखी नावं म्हणवून घेतली, कुठली आधी, कुठली मग, कुठली कुठलीत मिसळायची नाही. मागे गिऱ्हाइकांची रांग ओरडत होती तरी तो रागावला नाही. ती रस्ताभर ते म्हणत गेली होती. तेव्हापासून दर फवारणीला ती म्हणायची, आणि मग बाटली उघडायची.

मोतीरामला हे आठवेना. अशी माणसं सीझनमध्ये रोज यायची. पण ओळीनं बाटल्या मांडायची सवय त्याचीच होती, आणि ते घोकणं, असिफेट पहिलं, प्रोफेनो शेवटी, तेही त्याच्याच फळीच्या क्रमानं होतं. इतके दिवस तो ज्या बोलण्यावर जळत होता ते त्याचंच होतं.

"हे पडले त्या दिशी पंप म्याच भरला होता," कोकिळा म्हणाली. "सारं गाव म्हनते, अडानी बाईनं बाटली चुकवली आन नवऱ्याचे डोये घेतले. मी रोज म्हनून पाह्यते, कुठं चुकली थे भेटत नाही. देवाले इचारलं. तुमाले इचाराले आली त तुमची एसटी होती. आता सांगा भाऊ. मी बरोबर म्हनत होती का चुकत होती?"

 शेषरावनं मान मोतीरामच्या आवाजाच्या बाजूला वळवून ठेवली होती.

मोतीरामच्या हातात ती पुरती सापडली होती. 'सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती जन्मभर त्याच शंकेत उभी राहिली असती. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. तो आला, आणि मोतीरामनं त्याच्याकडे नीट पाहिलंही. मग त्यानं विचारलं की त्या दिवशी पंपात कुठलं टाकलं होतं. परफेनो, ती म्हणाली. सोबत काही? काही नाही. माप? तिनं ते सांगितलं, टोपणानं, त्यानंच शिकवलं होतं तसं.

"बरोबर हाये," मोतीराम म्हणाला. "बाटली बरोबर, माप बरोबर. तुह्यं काही चुकलं नाही."

"मंग त्याइले काऊन झालं?"

आता मोतीराम काउंटरवरच्यासारखाच बोलू लागला. पऱ्हाटी डोक्याच्या वर होती म्हणजे नळी वर धरून फवारलं असेल. वारा असेल. ते सगळं अंगावर, नाकातोंडात आलं असेल. मग बोलण्याच्या ओघात पुढचं विचारून गेला.

"तोंडाले फडकं बांधलं होतं का?"



"बांधा लागते का?" कोकिळेनं विचारलं.

मोतीरामनं तोंड उघडलं. परमदयाळू नाही, सर्वसमर्थ नाही, काहीच आलं नाही. पाच बाटल्या त्यानं ओळीनं मांडल्या होत्या. पाच नावं घोकून घेतली होती, गिऱ्हाइकानं पुन्हा यावं आणि नेमकी तीच बाटली मागावी म्हणून. फडक्याचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात फडकी विकायला नव्हती, म्हणून त्याच्या तोंडी तो शब्द कधी आलाच नव्हता.

"बांधा लागते," तो म्हणाला. "म्या सांगतलं नाही."

हे सगळं तो चर्चमध्ये पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलला होता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही.  शेषरावनं कापता हात पुढं केला, चाचपडत बायकोचं मनगट धरलं, आणि म्हणाला, "आयकलं का वो? तुह्यं नाही चुकलं." कोकिळा त्याच्याशेजारी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. हे रोजच्यासारखं नव्हतं, त्यात शब्द नव्हते, आणि रडता रडता तिचा चेहरा उजळत गेला. मांडीला मांडी लावून बसलेल्या सगळ्यांना ती विसरून गेली होती, रुखमाबाई विसरली होती तशी. मोतीराम उभाच होता. त्या बाईच्या छातीवरचा धोंडा त्याच्या एका शब्दानं उतरला होता आणि तो आता कुठं येऊन बसला होता हे त्याच्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला तिचा पुन्हा हेवा वाटला, आधीपेक्षा कितीतरी जास्त.